आउटपुट ट्रान्झिस्टर परत परत उडून राहिला? मग नवा ट्रान्झिस्टर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे न भाऊ: मंडपाच्या कामासाठी बनवून घेतलेला दोन चॅनेलचा अॅम्प, ४२-०-४२ चा ट्रान्सफॉर्मर, दर चॅनेलला सी ५२०० आणि ए १९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्यांच्या, दोन-दोन जोड्या. डाव्या चॅनेलच्या जोड्या आतापर्यंत तीनदा उडाल्या, पहिल्या दोनदा दहा-पंधरा मिनिटं मस्त वाजून आणि तिसऱ्यांदा लावल्या लावल्या. उजवा चॅनेल ठणठणीत. फ्यूज दरवेळी जातो पण ट्रान्झिस्टर गेल्यावर जातो. आणि आता चौथ्यांदा तुम्ही बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जोड्या घ्यायला निघाले.

नका जाऊ. म्हणजे जा, पण या कामाच्या शेवटी जा. मी नागपुरात पंचवीसेक वर्षांपासून हेच काम करून राहिलो, गणपती-नवरात्र-१४ एप्रिलच्या आधीचे दोन आठवडे तर माझ्या टेबलावर दुसरं काही नसतं, आणि माझा अनुभव असा की मेलेला आउटपुट हा बहुतेक वेळा मार खाणारा असतो, मारणारा दुसरीकडेच लपून बसलेला असतो. तो सापडेपर्यंत तुम्ही त्याला नवीन माणसं पुरवून राहिले.

फ्यूजचं आधी सांगतो कारण सगळे हेच विचारतात, की फ्यूज असून ट्रान्झिस्टर काहून जातो. भाऊ, ट्रान्झिस्टरच्या आतली सिलिकॉनची चिप काही मिलिसेकंदात जाते, फ्यूजची तार तापून वितळायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. फ्यूज ट्रान्झिस्टर वाचवायला नसतोच, ट्रान्सफॉर्मर जळू नये, मंडपाला आग लागू नये म्हणून असतो. कमी अँपियरचा फ्यूज टाकून काही होणार नाही, जास्तीचा टाकाल तर पीसीबीची पट्टी जळेल.

आता दुसरी गोष्ट, तिसऱ्यांदा लावल्या लावल्या काहून गेल्या. आउटपुट कधी एकटा मरत नाही. ट्रान्झिस्टरचे पाय तीन, कलेक्टर, एमिटर आणि बेस; कलेक्टर-एमिटर शॉर्ट झाला की बहुतेक वेळा बेसही त्यातच चिकटतो, मग सप्लायचे ५८ व्होल्ट (४२ गुणिले १.४१४, त्यातून डायोडचा एखादा व्होल्ट वजा) बेसच्या वाटेनं उलटे ड्रायव्हरवर (आउटपुटला चालवणारा त्याच्या आधीचा ट्रान्झिस्टर) येतात. ड्रायव्हर अर्धमेला होतो, ४.७ ओमचे बेस रेझिस्टन्स ओपन होतात, एखादा ०.२२ ओमचा सिमेंट रेझिस्टन्स आतून तुटतो आणि वरून नव्यासारखा दिसतो. तुम्ही मीटरनं बीप मारून फक्त शॉर्ट झालेले शोधले आणि तेवढे बदलले. ओपन झालेले बीप करत नाहीत न, ते तसेच राहिले. म्हणजे पहिला बिघाड एक होता, आता दोन-तीन आहेत, आणि सगळे काढावे लागतील.

कामाला लागायच्या आधी सिरीज बोर्ड बनवा. पिवळा तारेचा बल्ब, १०० वॅट, मेन्सच्या एका वायरमध्ये सिरीजला. एलईडी बल्ब चालणार नाही, तारेचाच पाहिजे, अजून मिळतो. शॉर्ट असेल तर सगळा करंट बल्बमधून जाईल, बल्ब पूर्ण पेटेल आणि अर्ध्या अँपियरच्या आतच अडेल, तुमचं काही जळणार नाही. सेट बरोबर असेल तर सुरू करताना एकदा झपकन पेटेल (कंडेन्सर भरून राहिले म्हणून) आणि मंद होऊन जाईल. आणि कंडेन्सर रिकामे करताना स्क्रूड्रायव्हर आडवा टाकू नका, १०,००० मायक्रोफॅरडला ५८ व्होल्टवर जवळपास १७ ज्यूल असतात आणि तसे दोन असतात, १०० ओम १० वॅटचा रेझिस्टन्स क्लिपनं लावून ठेवायचा, पाच-सात सेकंदात उतरतात. प्लस ते मायनस ११६ व्होल्ट डीसी आहे तिथे, तेवढं लक्षात ठेवून हात घाला, शक्यतो एकच.

आता खरं काम. डाव्या चॅनेलचे चारही आउटपुट काढून टाका आणि काढलेलेच राहू द्या. पूर्ण तपासणी त्यांच्याशिवाय करायची. पुष्कळ पोरांना वाटतं की आउटपुट काढले तर अॅम्प चालणारच नाही. चालतो, स्पीकर चालवायची ताकद नसते पण व्होल्टेज सगळे जागेवर येतात. फक्त एक पाहा: तुमच्या बोर्डात ड्रायव्हरच्या एमिटरपासून आउटपुट लाइनला रेझिस्टन्स येतात की दोन्ही ड्रायव्हरच्या मधे एकच रेझिस्टन्स आहे. एकच असेल तर आउटपुट काढल्यावर फीडबॅकची (आउटपुट परत इनपुटशी जुळवून पाहायची) वाट तुटते आणि मीटर काहीच्या काही दाखवतं, माणूस येड्यासारखा नसलेला बिघाड शोधत बसतो. तसं असेल तर दोन्ही ड्रायव्हरच्या एमिटरपासून आउटपुट लाइनला १०० ओमचा एक-एक रेझिस्टन्स तात्पुरता टाका, काम झालं की काढा.

बल्बवर सुरू करा, इनपुट शॉर्ट, स्पीकर नाही. आउटपुट लाइन ते ग्राउंड डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत पाहिजे. चार-पाच व्होल्ट किंवा पूर्ण सप्लाय दिसला तर पुढे जाऊच नका, बिघाड समोरच्या भागात आहे: इनपुटची जोडी, फीडबॅकच्या रेझिस्टन्सचं ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड), ड्रायव्हर, त्याच्या आधीचा ट्रान्झिस्टर. तुमचा उजवा चॅनेल चालू आहे हे तुमचं नशीब, सर्किटचा नकाशा नसला तरी चालतं, प्रत्येक पायाचं व्होल्टेज तिकडे मोजा आणि इकडच्याशी जुळवा. जिथे जुळत नाही तिथे बसा.

ड्रायव्हर मी मीटरला बरोबर दिसला तरी बदलतो. सी ४७९३ आणि ए १८३७ ची जोडी असेल तर दोन्ही सोबत. कारण अर्धमेला ड्रायव्हर थंड असताना एकदम शहाणा असतो आणि तापला की गळायला लागतो. संशय असेल तर सेट बल्बवर चालू ठेवून ड्रायव्हरवर हेअर ड्रायर मारा आणि व्होल्टेज सरकून राहिले का पाहा. आणि जुन्या बोर्डात एमजेई ३४०/३५० असेल आणि तुम्ही त्याच्या जागी ४७९३ टाकत असाल तर पाय उलटे आहेत हे विसरू नका, छापील बाजू समोर धरली तर ३४० चा क्रम एमिटर-कलेक्टर-बेस आणि ४७९३ चा बेस-कलेक्टर-एमिटर. या एका चुकीनं किती जोड्या गेल्या असतील नागपुरात, मोजदाद नाही. दोन माझ्याही गेल्या.

यानंतर बायस ट्रान्झिस्टर, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुटमधून थोडा निवांत करंट वाहता ठेवणारा. बहुतेक बोर्डात बीडी १३९ असतो, प्रिसेटच्या (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा रेझिस्टन्स) बाजूला किंवा हिटसिंकला (ट्रान्झिस्टरचा ताप ओढणारी धातूची पट्टी) स्क्रूनं आवळलेला. त्याच्या कलेक्टर-एमिटरवर मोजा. ड्रायव्हर आणि आउटपुट अशी दोन टप्प्यांची रचना असेल तर तिथे २.२ ते २.४ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे, चार जंक्शन गुणिले ०.६ असा तो हिशोब आहे. प्रिसेट फिरवून ते खाली दोनच्याही खाली जातं का पाहा, आणि फिरवताना मधेच उडी मारतं का ते पाहा. तीन-साडेतीन दिसलं आणि खाली उतरतच नसेल तर तुमचा चोर सापडला, या व्होल्टेजवर नवीन आउटपुट लावले असते तर बटन दाबताच गेले असते.

प्रिसेटवर जरा थांबतो. तो निळा उघडा प्रिसेट तीस-चाळीस रुपये वाचवायला टाकलेला असतो आणि त्याच्यात मंडपाची धूळ, गुलाल, ओल सगळं जातं. त्याचा मधला पाय संपर्क सोडतो. आता प्रिसेट बायस ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-बेसमधे जोडला असेल तर संपर्क तुटताच ट्रान्झिस्टर बंद होतो, बायस पूर्ण वर, आउटपुट खलास. तोच बेस-एमिटरमधे असेल तर संपर्क तुटल्यावर बायस खाली येतो, आवाज थोडा खरखरीत होतो, बाकी काही नाही. बोर्ड बनवणाऱ्यानं कुठे टाकला ते पाहा, कलेक्टरच्या बाजूला असेल तर बदलून घ्या आणि बंद डब्बीचा मल्टिटर्न टाका.

दहा-पंधरा मिनिटं वाजून उडणं, हे ऐकलं की माझा पहिला संशय तापण्यावरच जातो. एक किस्सा सांगतो. नवतप्यातली गोष्ट, बाहेर ४५ च्या वर. एक मंडपवाले काका अॅम्प घेऊन आले, म्हणे हिवाळाभर एक तक्रार नाही, उन्हाळा लागला आणि तिसऱ्या गाण्याला जातो. मी जोड्या टाकल्या, माझ्या टेबलावर तासभर वाजवला, काही नाही. त्यांनी नेला, संध्याकाळी परत, गेला. परत टाकल्या, परत तासभर वाजला, परत नेला, परत गेला. चार जोड्या माझ्या खिशातून गेल्या बाप्पा. शेवटी मीच त्यांच्या गोडाउनला गेलो पाहायला. तर काकांनी काय केलं होतं, अॅम्प गरम होतो म्हणून वरचं झाकण काढून सेट कूलरच्या समोर ठेवला होता! मोठा लोखंडी कूलर, थंडगार ओली हवा सरळ पीसीबीवर. आणि बायस ट्रान्झिस्टर कुठे, तर पीसीबीवर उभा, हिटसिंकपासून चार बोटं दूर, आधीच्या कोण्या मिस्त्रीनं हिटसिंकवरून काढून तिथे वाकवून ठेवलेला. हिटसिंक मागच्या बाजूला, तिथे हवा नाही.

म्हणजे झालं काय ते पाहा. सिलिकॉन जंक्शनचं व्होल्टेज दर डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतं. आउटपुट ४० डिग्रीनं तापले तर त्यांना ८० मिलिव्होल्ट कमी पुरतात, वरचा-खालचा मिळून १६०. बायस ट्रान्झिस्टर सोबत तापला असता तर त्यानंही तेवढं कमी करून दिलं असतं, त्याचं कामच ते आहे. पण तो तर कूलरसमोर थंड बसलेला, त्याला वाटते सगळं गार आहे, तो जुनंच व्होल्टेज देऊन राहिला. २५ मिलिअँपियरचा निवांत करंट सहज पाच-सहापट होतो, त्यानं आउटपुट अजून तापतात, अजून करंट, अजून ताप, आणि मग फट. माझ्या टेबलावर कूलर नव्हता, पंखा होता छताला, म्हणून तासभर काही झालं नाही. काकांचा सेट थंड करून करूनच मरत होता.

बीडी १३९ परत हिटसिंकला आवळला, आउटपुटच्या अगदी शेजारी, पेस्ट लावून, आणि वायर पिळून छोट्या ठेवल्या. तो सेट नंतर आला नाही माझ्याकडे, म्हणजे आला, पण स्पीकर जॅक तुटला म्हणून. तर तुमच्या डाव्या चॅनेलचा बायस ट्रान्झिस्टर कुठे आहे, त्याचा स्क्रू घट्ट आहे का, आणि तुम्ही मधे कुठे पंखा बसवला का, हे आधी पाहा.

मायकाचं (करंट अडवणारा अभ्रकाचा पातळ तुकडा) थोडक्यात. ५२०० ची मागची पत्री कलेक्टर असते, म्हणजे मधे मायका किंवा सिलिकॉन पॅड पाहिजेच, आणि जुना मायका परत वापरू नका, तडकलेला असतो. हिटसिंकच्या भोकाच्या कडेला ड्रिलची बारीक धार राहते, नख फिरवलं की लागते. थंड असताना मीटर ओके दाखवतं, तापलं की ती धार मायकातून आत घुसते. मोठ्या ड्रिलचं टोक हातानं दोन चक्कर फिरवलं की धार जाते. पेस्ट पातळ लावा, पोळीला तूप लावल्यासारखी, थापू नका.

०.२२ ओम साध्या मीटरवर मोजता येत नाही, प्रोबच्या वायरच तेवढं दाखवतात. एक अँपियर करंट त्यातून सोडा आणि व्होल्टेज मोजा, ०.२२ व्होल्ट आलं तर बरोबर. चारही मोजा. एक जरी ओपन असेल तर त्या बाजूचे दोन ट्रान्झिस्टर नावालाच दोन आहेत, सगळा भार एकावर.

झोबेल पाहिला का? आउटपुटवर १० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजला ग्राउंडला जातात ते. तो १० ओम काळा पडला असेल तर सेट कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच वाजून राहिला होता. ऑसिलेशन म्हणतात त्याला. आवाज स्वच्छ असतो, फक्त हिटसिंक विनाकारण गरम. स्कोप (सिग्नलचा आकार दाखवणारं यंत्र) नसेल तर जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर रेडिओ जवळ नेऊन पाहा, कधी कधी त्यात शिट्टी पकडते, पण नाही पकडली म्हणून ऑसिलेशन नाही असं समजू नका. कारणं म्हणाल तर तुटलेला ग्राउंड, लांब लटकणाऱ्या बेसच्या वायर, ड्रायव्हरआधीच्या ट्रान्झिस्टरवरचा ४७ ते १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक गायब, नाहीतर झोबेलच ओपन.

आता मंडपवाल्यांचा सगळ्यात आवडता बिघाड, स्पीकर. ८ ओमचे दोन पॅरलल म्हणजे ४, चार लावले की २. ५८ व्होल्ट भागिले २ म्हणजे २९ अँपियरची मागणी, दोन जोड्यात वाटली तर साडेचौदा एकेकाला, आणि ५२०० ची हद्दच १५ आहे. ताकदीचं पाहा. त्याच्यावर १५० वॅट लिहिलेलं असतं ते पत्री २५ डिग्रीला असताना. पत्री ७५ डिग्रीला गेली की ९० वॅट उरतात, १०० ला गेली की ६०. तुमच्या सप्लायवर ४ ओमला प्रत्येक ट्रान्झिस्टर जास्तीत जास्त ४३ वॅटच्या आसपास तापतो, चालून जाते. २ ओमला ८५. नागपूरच्या मे महिन्यात हिटसिंक ७५ च्या खाली ठेवून दाखवा मला. आणि हा सगळ्यात जास्त ताप फुल व्हॉल्यूमला नसतो, आउटपुटची शिखरं सप्लायच्या ६४ टक्क्यांपर्यंत जातात तेव्हा असतो, म्हणून "साहेब मी तर फुल केलाच नव्हता" हे मला पटतं, पण त्यानं काही वाचत नाही. शिवाय स्पीकर म्हणजे साधा रेझिस्टन्स नाही, खरा भार याहून वाईट असतो. डाव्या बाजूला जाणारी वायर, तिचे सगळे जोड आणि त्या बाजूचे स्पीकर एकेक काढून मोजा, ८ ओमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर ६ च्या आसपास दिसते. ३ दिसली तर कॉइल आतून चिकटली.

जनरेटरवर किंवा रात्री उशिरा मेन्स २६० झाला तर तुमचे ५८ चे ६६ व्होल्ट होतात. कंडेन्सर ६३ चे असतील तर ते पण बदलायच्या यादीत.

आणि नकली माल. सी ५२०० तोशिबाच्या नावानं जितका नकली विकला जातो तितका क्वचितच दुसरा ट्रान्झिस्टर विकला जात असेल. मेलेला एक पक्कडनं फोडून पाहा, डोळ्याला चष्मा लावून. असलीमधली चिप हरभऱ्याच्या डाळीएवढी मोठी, नकलीमधे मोहरीएवढी. मीटरवर दोन्ही सारखेच बरोबर दिसतात, पण भार आला की नकली जातो. कुठेकुठे छपाई एसीटोननं पुसली जाते पण आजकाल नकलीवाले पण लेझर मारतात, त्यावर भरवसा नको. घ्यायचे तर तोशिबाचेच टीटीसी ५२०० आणि टीटीए १९४३ पक्क्या बिलावर घ्या, किंवा एमजेएल २११९४ आणि २११९३ घ्या, चारही एकाच ठिकाणाहून. पण हेही सांगतो, नकलीवर सगळं ढकलू नका. तुमचा उजवा चॅनेल त्याच दुकानाच्या मालावर वाजून राहिला न?

हे सगळं झाल्यावर जोड्या लावा, बायस सगळ्यात खाली, बल्बवर सुरू, स्पीकर नाही. बल्ब मंद झाला, आउटपुट शून्याजवळ, मग बल्ब काढून ०.२२ वर साडेपाच मिलिव्होल्ट येईपर्यंत हळूहळू प्रिसेट फिरवा, तेच २५ मिलिअँपियर. बल्बवर सेट करू नका, तिथे सप्लाय कमी असतो. मग भार. महागडा डमी लोड (स्पीकरच्या जागी लावायचा रेझिस्टन्स) नको, हजार वॅटच्या शेगडीची नायक्रोम कॉइल घ्या, पूर्ण ५३ ओम असते, तिचा तेरावा हिस्सा म्हणजे ४ ओम, तो पाण्याच्या बादलीत बुडवून अर्धा तास वाजवा. मग सिग्नल बंद करून लगेच तेच साडेपाच परत मोजा. सात-आठ झालं तर हरकत नाही. वीस-पंचवीस झालं आणि चढतच असेल तर बंद करा आणि वर बायस ट्रान्झिस्टरचं लिहिलं तिथे परत जा.

तूर्त आउटपुट काढलेल्या अवस्थेत तीन गोष्टी मोजून कळवा: दोन्ही चॅनेलचं बायस ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज, आउटपुट लाइनचं डीसी, आणि झोबेलच्या १० ओमचा रंग. आणि जमलं तर बायस ट्रान्झिस्टर कुठे बसवला आहे त्याचा एक फोटो.